गाडी भंगारात गेली, नाव मात्र आरटीओत तसंच

प्रश्न : बाबांच्या नावावरची जुनी कार दारात गंजत उभी आहे, बाबा मागच्या वर्षी गेले. भंगारवाला न्यायला तयार आहे, पावती पण देतो म्हणतोय. पण मित्र म्हणतो आधी आरटीओचं बघ. १५ वर्षं तर कधीच उलटली, मग नोंदणी आपोआप रद्द झाली नाही का?

उत्तर : मित्राचं ऐका. १५ वर्षांनी आरसीची (म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत संपते, पण रेकॉर्डमधून गाडी जात नाही, मालक म्हणून बाबांचंच नाव दिसत राहतं. आणि भंगारवाल्याची पावती म्हणजे त्याने गाडी नेली एवढाच पुरावा, ती तोडली की नाही कोण बघायला जातंय? तोच नंबर, तीच चासी प्लेट उद्या दुसऱ्याच कुठल्या गाडीवर बसली तर पोलिस आधी तुमच्या दारात येणार.

सरळ रस्ता म्हणजे सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटर, २०२१ च्या नियमांपासून ही सोय झालीय. गाडी कुठल्याही राज्यात नोंदलेली असू दे, चालते. तिथे गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि गाडी मोडून झाली की स्क्रॅपिंगचं वेगळं सर्टिफिकेट, या दोन्हीच्या नोंदी थेट सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर जातात. पहिलं सर्टिफिकेट जपून ठेवा बरं का, नवीन गाडी घेताना ते दाखवलं की रजिस्ट्रेशन फी माफ होते, शिवाय रोड टॅक्समध्येही सवलत असते, खासगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्के, किती द्यायची ते राज्य ठरवतं.

तुमच्या केसमध्ये वेळ खाणार ते वारसाचं प्रकरण. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद आणि बाकी भावंडं असतील तर त्यांची संमती आधीच गोळा करून ठेवा. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसतोय का तेही बघा, हप्ते फिटून दहा वर्षं झाली तरी तो अनेकांचा तसाच राहिलेला असतो आणि ऐनवेळी घोळ होतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो काढून घ्या. चलान पेंडिंग असेल तर तेही भरून टाका. सगळं झाल्यावर पोर्टलवर गाडीचं स्टेटस स्वतः तपासा, तिथे रद्द दिसेपर्यंत फाइल बंद करू नका.

प्रश्न : अपघातात बाइकचा पार चुराडा झाला. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस म्हणून क्लेम मंजूर केला, आता एकजण सांगाडा न्यायला आलाय, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या मागतोय. करू का?

उत्तर : ते ट्रान्सफरचे फॉर्म आहेत, म्हणजे तुमची बाइक कागदोपत्री जिवंतच राहणार, आणि कोरे असतील तर कुणाच्या नावावर जाणार हेही तुम्हाला कळणार नाही. अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची असते. तुम्ही दुसऱ्या शहरात राहायला गेला असाल तरी तिथल्या आरटीओत अर्ज देता येतो, ते तो मूळ ऑफिसला पाठवतात. इन्शुरन्स कंपनीचं टोटल लॉसचं पत्र सोबत जोडा, अर्जाच्या कॉपीवर पोचशिक्का घ्या, आणि मगच सांगाडा हलवू द्या.