गणपतीच्या वाटेवरचे फ्राईज

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. गणपतीला ठाण्याहून मालवणला जाताना पोरांसाठी कुठल्या दुकानाचे फ्राईज घ्यावेत, गाडीत ते कुठवर टिकतील, आणि सोबतच्या सासूबाईंना हरतालिकेच्या उपवासाला ते चालतील का. तिन्ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

माझी पात्रता एवढीच की मी बारा वर्षं रत्नागिरीत फ्रोझन मालाची एजन्सी सांभाळली. माल कोल्हापूरहून आंबा घाट उतरून यायचा आणि तिथून पुढे आमचा टेम्पो चिपळूणपासून कणकवलीपर्यंत फिरायचा. मटार, मका, पराठे असायचे, पण सगळ्यात जास्त खप फ्राईजच्या अडीच किलोच्या पाकिटांचा. खाल्ले त्यापेक्षा उचलले जास्त. आणि मुलगी पनवेलला दिल्यापासून मोठ्या साखळ्यांचे फ्राईज नातवाच्या कृपेने पोटात जाऊ लागले, त्यामुळे आता दोन्हीकडचं थोडं कळतं.

आधी थेट उत्तर. काउंटरवर उभ्या उभ्या खायचे तर माझा क्रम: मॅकडोनल्ड्स, केएफसी, बर्गर किंग. गाडीत बसून दहा मिनिटांनी खायचे तर हाच क्रम उलटा. पंचवीस मिनिटांनी क्रम वगैरे काही उरत नाही.

हे मी नातवाला घेऊन खरंच करून पाहिलंय, श्रावणातल्या एका रविवारी. पनवेलला पाकिटं घेतली आणि घड्याळाऐवजी रस्ता धरला. एक काडी दुकानाच्या दारात, एक पळस्पे फाट्याला, एक कर्नाळ्याच्या खिंडीत. दारात पातळ काडी, म्हणजे मॅकडोनल्ड्सची, बाजी मारते, त्यात वादच नाही. पळस्पेला तीच काडी हातात धरली की नंदीबैलासारखी मान डोलावते. जाड काडी तोवर आतून तरी गरम असते. कर्नाळ्याला दोन्ही सारख्याच, म्हणजे उकडलेल्या बटाट्याला तेल लावल्यासारख्या. (हे साध्या रविवारचं गणित. गणपतीच्या गर्दीत पनवेल ते कर्नाळा यातच तास जाऊ शकतो, तेव्हा तुम्ही पळस्पेच्या आतच पाकीट संपवा.)

आता असं का होतं ते. तळलेल्या काडीची फक्त वरची साल कोरडी असते. आत बटाटा ओलाच असतो आणि त्याची वाफ बाहेर पडत राहते. दुकान सोडलं की ती वाफ पिशवीत कोंडते आणि साल ती शोषून घेते. हे पुण्यातही होतं, नागपुरातही होतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या किनाऱ्यावर हवेतच ८५-९० टक्के ओल असते. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. तेच मीठ फ्राईजवर भुरभुरलेलं असतं. म्हणजे आतून वाफ, बाहेरून दमट हवा आणि वर पाणी ओढणारं मीठ. घाटावरच्या माणसाने लावलेला क्रम आपल्याला लागू पडत नाही तो यामुळे. पातळ काडीला कुरकुरीत साल जास्त असते, म्हणून ती पहिल्या घासाला जिंकते, आणि गार व्हायलाही तिला वेळ लागत नाही. मॅकडोनल्ड्समध्ये तळलेले फ्राईज दिव्याखाली सात मिनिटांहून जास्त ठेवायचे नाहीत असा दंडक आहे, तो उगाच नाही.

यावर कारखानदारांनी काढलेला उपाय म्हणजे आवरण. काडीला पिष्टाचा पातळ थर द्यायचा, तो तळून कडक होतो आणि ओल आत शिरायला वेळ लागतो. बर्गर किंगने अमेरिकेत १९९७ मध्ये असे आवरणवाले फ्राईज आणले ते मॅकडोनल्ड्सला टक्कर द्यायला, जास्त वेळ गरम आणि कुरकुरीत राहावेत म्हणून. २ जानेवारी १९९८ ला तर त्यांनी ते देशभर फुकट वाटले होते. मला ही गोष्ट वाचून हसू आलं, कारण बांगड्याला आणि सुरणाच्या कापांना तांदळाचं पीठ आणि रवा लावून आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. फरक इतकाच की आपल्या कापांना दहा मिनिटं टिकायची वेळ कधी येत नाही, ती तव्यावरून उतरता उतरताच संपतात.

आमच्या एजन्सीतही दोन प्रकार असायचे, साधे आणि आवरणवाले. आवरणवाल्याचा भाव जास्त. हॉटेलवाला विचारायचा, "दोन्ही बटाटेच ना?" मग साधेच घ्यायचा आणि गिऱ्हाईक मऊ म्हणून परत पाठवायचं. तुम्हाला मालवण-तारकर्लीत एखाद्या साध्या कॅफेत मोठ्या साखळीपेक्षा टिकाऊ फ्राईज मिळाले, तर समजा मालकाने आवरणवालं पाकीट फोडलंय. त्याचं कौतुक करा.

पण किनाऱ्यावरच्या कॅफेंचा क्रम नावानिशी मी लावणार नाही. एक तर अर्ध्या लोकांना मी माल विकलाय. दुसरं म्हणजे तिथे पाकिटापेक्षा फ्रीझर आणि तेल यांच्यावर सगळं ठरतं. पावसात लाईट जाते, फ्रीझरमधला माल सुटतो, लाईट आली की पुन्हा गोठतो. असं दोनदा झालं की काड्या एकमेकींना चिकटून ढेकूळ होतं. ते तळलं की बाहेरून करपतं आणि आतून पाणचट राहतं. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा किती माल फेकला ते मोजायचंही आम्ही सोडून दिलं होतं. म्हणून पावसाळ्यात कुठे फ्राईज मागवलेत आणि ताटलीत तुटके, वाकडेतिकडे तुकडे जास्त दिसले, तर दुसऱ्यांदा मागवू नका.

तेलाचं तर विचारूच नका. फ्राईज साधारण १७५ ते १८० अंशांच्या तेलात पडायला हवेत. लहान कढईत अर्धं पाकीट एकदम ओतलं की तेल थंड होतं आणि काडी तळली न जाता तेल पिते. शिवाय तेल किती वेळा वापरायचं याला सरकारी मर्यादा आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही. मोठ्या साखळ्यांत हे मोजायची यंत्रं असतात. किनाऱ्यावर झापाचं छोटं हॉटेल चालवणारा आमचा एक दोस्त मात्र म्हणायचा, "रोज तेल बदलूक माका परवडणा नाय." त्याच्या बाजूने बोलायचं तर मे महिना आणि दिवाळी सोडली की त्याच्याकडे दिवसाला चार प्लेटी जातात, कढईभर तेल तो कसं फेकणार?

आणि त्याच कढईत दुपारी सुरमई तळलेली असते. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण आता सासूबाईंकडे येतो.

त्यांना बहुतेक चरबीची धास्ती असणार, मोबाईलवर तो निरोप दर दोन वर्षांनी फिरतोच. त्यातलं खरं एवढं: अमेरिकेत मॅकडोनल्ड्सचे फ्राईज १९९० पर्यंत गाईबैलाच्या चरबीत तळले जायचे. मग वनस्पती तेल आलं, पण चवीसाठी गोमांसापासून काढलेला अर्क चालूच राहिला. त्यावरून २००१ मध्ये तिथे खटला झाला आणि पुढच्या वर्षी कंपनीने १ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. हे सगळं अमेरिकेतलं. भारतातल्या दुकानांत फ्राईज शाकाहारीच असतात आणि स्वयंपाकघरात शाकाहारी-मांसाहारी भाग वेगळे ठेवलेले असतात. बटाटाही आता बव्हंशी गुजरातचा असतो. मेहसाणा-बनासकांठाकडे खास फ्राईजसाठी लांबुडके बटाटे लावतात आणि तिथेच कारखाने आहेत.

पण ताई, शाकाहारी म्हणजे उपवासाचं नव्हे. बटाटा उपवासाला चालतो म्हणून फ्राईज चालतात, हा हिशेब साध्या काडीला कदाचित लागू पडेल. आवरणवाल्या काडीत तांदळाचं पीठ असू शकतं, कधी मैदा, कधी मक्याचं पीठ. म्हणजे कुरकुरीतपणा जितका जास्त टिकणार, तितकी उपवासाची शंका जास्त. वर साधं मीठ असतं. तेलात आधी ब्रेडचा चुरा लावलेलं काहीतरी पडून गेलेलं असू शकतं. गणपतीपुळ्याला अंगारकीच्या दिवशी मी स्वतः हॉटेलवाल्यांना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून दाखवली आहेत. एकाने लगेच पाटीवरचं "उपवासाचे फ्राईज" पुसलं, दुसरा म्हणाला, "देवाला कळतंय सगळं, तुम्ही जा." तेव्हा सासूबाई कडक पाळत असतील तर त्यांच्यासाठी घरून केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घ्या.

थोड्या सैल असतील तर एक युक्ती आहे, आणि ती तुमच्या पोरांनाही उपयोगी पडेल. काउंटरवर "बिनमिठाचे द्या" म्हणायचं. तयार ढिगात मीठ पडलेलंच असतं, त्यामुळे त्यांना ताजा घाणा काढावा लागतो. पाच मिनिटं थांबावं लागेल, मागचा माणूस चुळबुळ करेल. पण गरमागरम काडी मिळेल, आणि सैंधवाची पुडी पर्समध्ये असली की मिठाचाही प्रश्न सुटला. पेरीपेरीची पुडी मिळाली तर ती पिशवीत घालून खळखळवायचा खेळ गाडीत करू देऊ नका. तोंड मिटलेली पिशवी म्हणजे मोदकपात्रच. उघड्या कागदावर पसरा, वर मसाला टाका आणि लगेच खा. पिशवी कधीच मिटू नये, घेतल्या घेतल्या तोंड उघडं करून डॅशबोर्डवर एसीच्या झोतासमोर ठेवावी. एसीची हवा कोरडी असते, त्याने पाचेक मिनिटं नक्की वाढतात. नातवाचा शोध आहे हा.

कोणी म्हणेल एवढं करण्यापेक्षा घरीच करून डब्यात न्या. माझ्या क्रमात घरचे फ्राईज सगळ्यात शेवटी आहेत, आणि हे बायकोसमोरही म्हणून झालंय. दोष तिचा नाही, बटाट्याचा आहे. आपल्या कोकणात जांभ्यात बटाटा काही होत नाही, तो घाटावरूनच येतो. भाजीचा बटाटा पाणीदार असतो, फ्राईजला त्यातला कोरडा भाग २० टक्क्यांच्या आसपास तरी लागतो. त्यात तो शीतगृहात राहिलेला असला तर थंडीने त्यातल्या पिष्टाची साखर होते. तळायला टाकला की दोन मिनिटांत तांबूस-काळा, आणि आत कच्चा. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने चिप्ससाठी कुफरी चिप्सोना आणि फ्राईजसाठी कुफरी फ्रायसोना असे वेगळे वाण काढले ते याचसाठी, पण आठवडा बाजारात नाव विचारून बटाटा देतो कोण?

तरी करायचेच असतील तर काड्या पाण्यात धुऊन, चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं हलक्या उकळा. आंबटपणामुळे त्या मऊ होऊनही फुटत नाहीत. मग निथळून, कापडावर सुकवून दोनदा तळा, पहिल्यांदा मंद तेलात, गार झाल्यावर कडक तेलात. व्हिनेगर नव्हतं म्हणून आम्ही एकदा कोकमाचं आगळ घातलं. चव बरी लागली, रंग मात्र गुलाबी आला आणि नातवाने हातसुद्धा लावला नाही.

मालवणला झाडावर नीरफणस तयार असेल तर त्याच्या बोटभर काड्या करून तांदळाच्या पिठात घोळवून तळा. फ्राईजच्या क्रमात मी त्यांना धरत नाही, ती वेगळी जात आहे आणि पोरं "हे फ्राईज नाहीत" म्हणून पहिल्या मिनिटाला ओरडतील. तरी ताटली रिकामी होते असा माझा अनुभव आहे.

आणि एवढं करूनही वाटेतले फ्राईज उरलेच, तर फेकू नका. घरी पोचल्यावर बिडाचा तवा चांगला तापवा, तेल अजिबात घालू नका, काड्या एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं हलवत राहा. आतली ओल उडते आणि पातळ काडी पुन्हा कडक होते, जाडीला थोडा जास्त वेळ द्या. झाकण मात्र चुकूनही ठेवू नका.