आजी-आजोबा आणि मुलं सोबत असतील तर मुक्काम मात्सुमोतोला

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: टोकियो झाल्यावर आणि क्योतोच्या आधी दोन-तीन दिवस कुठेतरी निवांत राहायचंय, जुना किल्ला आणि त्याच्या भोवतीचं जुनं गाव बघायचंय. सोबत सत्तरीचे आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात, मुलं पाच आणि नऊ वर्षांची, आणि तिघं पक्के शाकाहारी. तुमच्या डोक्यात हिमेजी आहे.

हिमेजीचा किल्ला भव्य आहे, वादच नाही. पण १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत किल्ला वाचला आणि भोवतालचं शहर जळालं. त्यामुळे तिथे किल्ला बघायचा आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम होतो. तुम्हाला मुक्काम हवाय. जपानमध्ये मूळचा मुख्य मनोरा टिकून असलेले बाराच किल्ले उरलेत. त्यातल्या पाच मनोऱ्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे: हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुए आणि मात्सुमोतो. पाचांपैकी तुमच्या मंडळींसाठी मी डोळे झाकून मात्सुमोतो म्हणेन. मी जपानात राहतो, भारतातून पाहुणे आले की त्यांना तिकडेच धाडतो, आणि अजून कुणी तक्रार केलेली नाही.

पहिलं कारण रस्त्याचं. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवरून आझुसा एक्स्प्रेस साधारण अडीच तासांत मात्सुमोतोला पोचवते. तिथून शिनानो एक्स्प्रेसने दोन तासांत नागोया, आणि नागोयाहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने क्योतो. म्हणजे उलटं फिरून यावं लागत नाही. फक्त शिनानो ही वळणांवर झुकणारी गाडी आहे आणि किसो नदीच्या खोऱ्यात वळणं भरपूर. मुलांना गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या, आणि निघताना भरपेट खाऊ घालू नका. रेल्वे पासचं म्हणाल तर सात दिवसांचा देशभराचा पास २०२३ साली ५०,००० येनला झाला, एवढ्या प्रवासावर तो वसूल होत नाही. सुटी तिकिटंच काढा.

दुसरं कारण बाबांचे गुडघे. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, पायऱ्या आणि धापा येतात. मात्सुमोतोचा किल्ला सपाटीवर आहे. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं रमतगमत चालायचं, चढ नावालाही नाही. खंदकाच्या कडेने बाकं आहेत, पाण्यात लठ्ठ कोई मासे आहेत, आणि हवा स्वच्छ असेल तर काळ्या मनोऱ्याच्या मागे जपानच्याच 'उत्तर आल्प्स' डोंगरांची रांग दिसते. या बाहेरच्या बागेला तिकीट नाही. तिकीट आतल्या आवाराचं आणि मनोऱ्याचं.

आता मनोऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत. तिसरा मजला बाहेरून कळूच नये असा बांधलाय, त्याला खिडकीच नाही. जिने मूळचे, लाकडी आणि भयंकर उभे, माळ्यावर चढायच्या शिडीसारखे. सगळ्यात उभा जिना ६१ अंशांचा आहे, आणि काही पायऱ्यांची उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास जाते. शिवाय बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात, मोज्यांवर लाकूड घसरतं, आणि त्याच जिन्यावरून वरची माणसं खाली येत असतात. बाबांना वर नेऊ नका. आईंनाही आग्रह करू नका. नऊ वर्षांचा मुलगा मजेत चढेल, पाच वर्षांच्या मुलीच्या मागे एक मोठं माणूस हवंच. साडेआठला दार उघडतं तेव्हाच जा; सुट्टीच्या दिवसांत दहानंतर जिन्यावर रांग लागते आणि त्या अंधारात मुलं कंटाळतात.

तुम्ही वर असताना आजी-आजोबा आतल्या आवारात हिरवळीजवळ बसतील आणि मनोरा तिथूनच जास्त चांगला दिसतो. त्यांना एक गोष्ट शोधायला सांगा: मुख्य मनोऱ्याला चिकटून लाल कठड्याचं एक बुटकं, मोकळं दालन आहे. मुख्य मनोरा १५९०च्या दशकात बांधला गेला, बंदुकांच्या लढाईच्या तयारीने. भिंतींना बाण आणि गोळ्या सोडायच्या फटी आहेत, जाड भिंती आहेत, शत्रूवर दगड टाकायची सोय आहे. हे लाल कठड्याचं दालन मात्र साधारण चाळीस वर्षांनी, १६३०च्या दशकात जोडलं गेलं, आणि ते चंद्र बघायला! तोवर लढाया संपल्या होत्या. शोगुन, म्हणजे तेव्हाचा देशाचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सु येणार म्हणून तिथल्या सरदाराने ते बांधलं, शोगुन आलेच नाहीत, पण दालन राहिलं. तीन बाजू उघड्या, बचावाची सोय शून्य. एकाच इमारतीत युद्धाचा काळ आणि शांततेचा काळ असे शेजारी शेजारी उभे असलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

नऊ वर्षांच्या मुलाला आणखी एक गोष्ट आवडेल. मेजी काळात, म्हणजे १८६८नंतर शोगुनांची सत्ता गेल्यावर, किल्ले म्हणजे जुनी अडगळ झाले होते, आणि १८७२ साली हा मनोराही लिलावात पाडायला विकला गेला. इचिकावा र्योझो नावाच्या स्थानिक माणसाने पाडकाम थांबवायला लावलं, मनोऱ्यातच प्रदर्शनं भरवली आणि त्या पैशांतून तो सोडवला. पुढे तो एका बाजूला कलला, तेव्हा तिथल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी पुढाकार घेतला आणि १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षं दुरुस्ती चालली. भिंतींच्या खालच्या भागाला काळ्या लाखेचा हात आजही दरवर्षी नव्याने दिला जातो.

किल्ल्याला एक सकाळ पुरते. उरलेला वेळ गावाला द्या, आणि तो भरगच्च ठरवू नका. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. आपली माणसं इतके पैसे खर्चून आलोय म्हणून दिवसाला सहा ठिकाणं लावतात, आणि मग संध्याकाळी हॉटेलात कुणी कुणाशी बोलत नाही.

गावात काय? पाणी. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मात्सुमोतो झऱ्यांचं गाव आहे. डोंगरातलं पाणी जमिनीखालून येतं आणि गल्लोगल्ली विहिरींतून वर उसळतं. त्यातली गेन्चीची विहीर जुनी आणि नावाजलेली. लाकडी छपराखाली दगडी कठडा, त्यावरून सतत वाहणारं पाणी. गावातली माणसं मोठे कॅन घेऊन येतात, भरतात, निघून जातात. माझी आई आली होती तेव्हा तिने ओंजळीने पाणी प्यायलं, मग पर्समधली बाटली रिकामी केली, भरली, आणि शेजारी कॅन भरणाऱ्या आजींना मराठीतच म्हणाली, "फार गोड आहे हो." त्या आजींनी मान डोलावून काहीतरी जपानीत सांगितलं आणि आईची बाटली स्वतःच्या रुमालाने पुसून दिली. त्यानंतर आई रोज सकाळी तिकडे जायची, आम्ही कुठे जायचं ठरवायच्या आत.

मेतोबा नदीच्या एका काठाला नावाते नावाची छोटी गल्ली आहे, गाड्यांना बंदी, त्यामुळे मुलांना मोकळं सोडता येतं. तिथे जिकडेतिकडे बेडूक आहेत: दगडाचे, चिनी मातीचे, एक तर सामुराई बेडूक. नदीतले बेडूक घाण पाण्यामुळे नाहीसे झाले होते, ते परत यावेत म्हणून दुकानदारांनी १९७०च्या दशकात बेडकाचं छोटं देऊळच उभारलं. तिथे ताइयाकी मिळते, माशाच्या आकाराची, आत गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण. मासा फक्त आकाराला, पण पिठात अंडं असू शकतं, तेवढं विचारा.

पूल ओलांडला की नाकामाची ही व्यापाऱ्यांची जुनी गल्ली. १८८८च्या आगीत गाव जळालं, तेव्हा व्यापाऱ्यांनी आगीला दाद न देणारी जाड भिंतींची गोदामं बांधली. काळ्या चौकोनी फरशा आणि त्यांच्या सांध्यांवर चुन्याच्या पांढऱ्या फुगीर रेघा, अशा त्या भिंती. आता तिथे लाकडी वाडगे, काच, कापड यांची दुकानं आणि चहाघरं आहेत. खरेदी महाग आहे, बघणं फुकट आहे. मुलांना मात्र खाली बघायला सांगा: गटारांच्या लोखंडी झाकणांवर रंगीत तेमारीचं चित्र आहे. तेमारी म्हणजे दोऱ्यांनी गुंडाळून नक्षी केलेला चेंडू, इथली जुनी कला. झाकणं मोजायचा खेळ आमच्याकडे संध्याकाळभर चालला.

पाऊस आला तर दोन जागा लक्षात ठेवा. ठिपक्यांचे भोपळे करणाऱ्या कलाकार यायोई कुसामा यांचा जन्म १९२९ सालचा, याच गावातला. नगरपालिकेच्या कला संग्रहालयाबाहेर त्यांची प्रचंड मोठी रंगीत फुलं उभी आहेत आणि शीतपेयांचं यंत्रसुद्धा ठिपक्यांचं आहे. दुसरी जागा १८७६ची काइची शाळा. स्थानिक सुताराने पाश्चात्त्य इमारती बघून आपल्या पद्धतीने बांधलेली: वर अष्टकोनी मनोरा, दारावर पंखवाले देवदूत, त्यांच्याखाली जपानी ड्रॅगन. २०१९मध्ये तिलाही राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो. हा भाग सोबाचा, म्हणजे बकव्हीटच्या शेवयांचा. शेवया शाकाहारी, पण ज्या रसात बुडवून खायच्या त्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. दिसत नाही, वासही फारसा येत नाही, म्हणून अनेकांना कळतच नाही. ज्यांना चालतं त्यांनी थंड सोबा घ्यावा आणि शेवटी येणारं शेवया उकडलेलं गरम पाणी उरलेल्या रसात घालून प्यावं. ज्यांना चालत नाही त्यांचा आधार ओयाकी: पिठाच्या पारीत भाजी भरून भाजलेला किंवा वाफवलेला गोळा. लाल भोपळ्याची आणि गोड पुरणाची ओयाकी सहसा सुरक्षित, तरी सारणात दाशी आहे का हे फोनवरच्या भाषांतरातून विचारा. कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटात, तयार भाताची पाकिटं मिळतात आणि तिथेच गरम करून देतात. घरून मेतकूट, लोणचं आणि चटणी घेऊन या. रात्री नऊ वाजता दमलेल्या मुलांपुढे मेतकूट-भात ठेवलात की प्रश्न मिटला.

मुक्काम शक्य असेल तर एक रात्र स्टेशनजवळ आणि एक रात्र आसामा ओनसेनला करा. गरम झऱ्यांची ही वस्ती स्टेशनपासून बसने वीसेक मिनिटांवर आहे. सार्वजनिक स्नानात सगळे कपडे उतरवावे लागतात, आणि आई-बाबांना ते जमणार नाही असं धरून चाला. म्हणून खोली घेताना 'काशिकिरी', म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारं स्नानगृह आहे का ते बघा. दुसरं, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, गादी घालून झोपायचं असलं की गुडघेदुखीवाल्यांचं उठणं कठीण होतं, तेव्हा पलंग असलेली खोली मागा. तिसरं, रात्रीच्या जेवणाशिवायचा दर घ्या. तिथली थाटाची जेवणं माशांनी भरलेली असतात आणि ऐनवेळी शाकाहारी करून देत नाहीत. आणि युकाता, म्हणजे तिथे मिळणारा सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर. उलटं फक्त मृताला नेसवतात, त्यामुळे कुणीतरी धावत येऊन दुरुस्त करेल.

तिसरा दिवस असेल तर जवळची एकच जागा निवडा. कामिकोची हे डोंगरातलं खोरं सुंदर आहे, ताइशो तळ्यापासून कप्पा पुलापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, पण गाडी आणि बस मिळून जायलाच दीड-दोन तास लागतात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ते बंद असतं. तुमच्या मंडळींसाठी मी आझुमिनोतलं दाइओ वासाबी शेत सुचवेन (वासाबी म्हणजे जपानी तिखट मूळ). लोकल गाडीने अर्ध्या तासात होताका, तिथून टॅक्सी. प्रवेश फुकट, वाहत्या थंड पाण्यातले वाफे, पाणचक्क्या, आणि वासाबीचं आइस्क्रीम. ते तिखट लागत नाही, मुलांना खुशाल द्या.

केव्हा जावं? गाव समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे, त्यामुळे चेरीचा बहर टोकियोपेक्षा उशिरा, साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. ऑक्टोबरअखेर पानं रंगतात. जानेवारीत पारा शून्याखाली जातो आणि मनोऱ्याच्या लाकडी जमिनीवर पाय बधिर होतात, तेव्हा आई-बाबांना घेऊन नको.

मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातूनच थेट क्योतोच्या हॉटेलला पाठवून द्या, ही सोय जपानभर आहे आणि हॉटेलच्या काउंटरवरच होते. दोन रात्रींचे कपडे पाठीवर. आझुसात सगळ्या जागा आरक्षित असतात; शिंजुकूहून निघताना उजव्या हाताच्या खिडक्या घ्या म्हणजे यात्सुगाताके डोंगर दिसेल. डोक्यावर लाल दिवा असलेली जागा विकली गेलेली नसते, हिरवा असेल तर ती कुणाची तरी असते. प्रवासाचा महिना ठरला की इथेच लिहा, राहायच्या जागा कधी आणि कशा शोधायच्या ते सांगतो.