कढीपत्त्याची कुंडी आधी गॅलरीत परत आणा

डोंबिवलीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के, नीटला ७२० पैकी ३१२, आता रिपीटचा क्लास लावलाय. गेली दोन वर्षं ती महिन्यातून दोन रविवार गोरेगावला फिल्मसिटीजवळच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्रात व्हॉलंटियर म्हणून जायची, शाळांच्या मुलांना फिरवायला मदत करायची. क्लासची फी भरली त्याच दिवशी वडिलांनी ते जाणं बंद केलं, आणि गॅलरीतल्या कढीपत्त्यावर ती फुलपाखराच्या अळ्या वाढवत होती ती कुंडी उचलून खाली गेटपाशी ठेवून आले. आता विचारतायत, "तिचं मन यातून बाहेर कसं काढू? झाडं-पाखरं दाखवून कुठे पोट भरतं का? फॉरेस्ट ऑफिसर होणार असेल तर एक वेळ ठीक."

नमस्कार दादा,

मार्कांचं नंतर बोलू, मला त्या कुंडीने जास्त अस्वस्थ केलंय. तुम्हीच लिहिलंय की त्या दिवसापासून ती घरात बोलत नाही, जेवते आणि पुस्तक उघडून बसते. तुम्हाला वाटतंय चला, अभ्यासाला लागली. मला नाही वाटत तसं, आणि तुमच्यावर चिडून लिहीत नाहीये, अशी गप्प झालेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा त्यांना परत बोलतं करायलाच काही महिने जातात म्हणून सांगतोय.

तुमच्या पत्रात एक तक्रार आहे, ती मी तीन वेळा वाचली. शेजारचा सात वर्षांचा मुलगा यायचा आणि ही "तासभर त्याच्याशी अळ्यांवर बोलत बसायची". काय बोलायची तेही तुम्ही लिहिलंय म्हणजे तुम्ही ऐकत होतात. छोटी अळी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तिने त्याला विचारलं की अशी का दिसत असेल, आणि तो विचार करेपर्यंत गप्प राहिली. मग मोठी झालेली हिरवी अळी गवताच्या काडीने हळूच डिवचायला लावली, अळीने डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढली, वास आला, पोरगा आधी मागे सरकला आणि मग परत पुढे आला. दादा, कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी असं करते हे कुणीही वाचून सांगेल. पण उत्तर माहीत असताना गप्प राहणं आणि घाबरलेल्या मुलाला स्वतःहून पुढे येऊ देणं हे अनेक वर्षं शिकवलेल्या शिक्षकांनाही जमत नाही, तुमच्या मुलीला अठराव्या वर्षी जमतंय.

आता फॉरेस्ट ऑफिसरचं. हा गैरसमज मला सारखा भेटतो, की निसर्गाची आवड म्हणजे वनखातं आणि तिथे नाही लागलं तर तो नुसता छंद. रेंज ऑफिसरचं काम म्हणजे गस्त, अतिक्रमण, वणवे, गुन्ह्यांच्या केसेस, गावात बिबट्या आला की रात्री धावणं. फार महत्त्वाचं काम आहे पण तुमची मुलगी जे करते ते हे नाहीच, ती शिकवते. चौथीची चाळीस मुलं बसमधून उतरतात, निम्म्यांना सापाची भीती, दोघांना उलटी झालेली, एक बाई फोनवर, आणि दोन तासांत त्यातल्या प्रत्येकाने एक तरी पान उलटून खाली काय राहतं ते बघायला हवं. डोकी मोजणं, प्रथमोपचार, पाऊस आला तर काय करायचं, सगळं त्यात आलं. नुसती पक्ष्यांची नावं पाठ असून काहीच होत नाही. आणि हे काम कुठे चालतं विचाराल तर बीएनएचएस १८८३ पासून आहे, पर्यावरण शिक्षणाचं काम करणारी सीईई १९८४ पासून, माहीमचं निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलंय. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, ते दिवस कुणीतरी घ्यायला लागणारच ना.

पैशाचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीचा पगार कमी असतो, संस्था देणग्यांवर आणि प्रोजेक्टवर चालतात, बऱ्याच नोकऱ्या कॉन्ट्रॅक्टवर. त्यामुळे बीएस्सीनंतर बीएड करावं असं मी सुचवेन, म्हणजे शाळेचं दारही उघडं राहतं. बाकी डेहराडूनच्या डब्ल्यूआयआयची (वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची वाइल्डलाइफची एमएस्सी, एमपीएससीची वनसेवा, हे रस्ते आहेतच, त्यांची माहिती सहज मिळते.

पण आत्ता यातलं काहीच ठरवू नका. तिचा एक रविवार परत द्या, क्लासच्या टेस्टच्या मार्कांशी न जोडता. त्या रविवारी तुम्हीही सोबत जा, लांब उभे राहा आणि ती मुलांशी कशी बोलते ते बघा. कुंडी अजून गेटपाशीच असेल तर आज रात्रीच वर आणा, कढीपत्ता चिवट असतो, पाणी दिलं की फुटतो.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला नीटची परीक्षा परत द्यायचीय की नाही, हे तुमच्या तीन पानांत कुठेच नाहीये.