चान्स घ्यायच्या आधी मायग्रेनच्या गोळ्यांचं काय करायचं

तू लिहिलंयस की आठ वर्षांपासून मायग्रेन आहे, डोकं उठूच नये म्हणून रोज रात्री टोपिरामेट चालू आहे, डोकं उठलं की व्हॅसोग्रेन घेतेस आणि आता येत्या दोन-तीन महिन्यांत चान्स घ्यायचाय. सासूबाई म्हणतायत सगळ्या गोळ्या आजच बंद कर, आणि मिस्टर म्हणतायत दिवस राहिले की मग बघू. मी डॉक्टर नाही, पण माझी दोन्ही बाळंतपणं मायग्रेनसकट झालीयत, इथंच सोलापुरात, आणि त्या काळात डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं ते सांगते. तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

"दिवस राहिले की बघू" हे तर आधी डोक्यातून काढच. पाळी चुकली, मग चार दिवस वाट बघितली, मग टेस्ट केली, मग बाळंतपणाच्या मॅडमची अपॉइंटमेंट मिळाली, इतकं होईपर्यंत बाळाचं बरंच काही तयार होऊन गेलेलं असतं गं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवरच. ओठ आणि टाळू पण पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. म्हणून गोळ्यांचा निर्णय गर्भनिरोधक थांबवायच्या आधी व्हायला पाहिजे, आणि तुझ्याकडे अजून तेवढा वेळ आहे ही चांगली गोष्ट आहे.

टोपिरामेटने दुभंगलेला ओठ किंवा टाळू होण्याचा धोका वाढतो आणि बाळ वजनाने कमी भरू शकतं हे आधीपासून माहीत होतं, नंतर बाळाच्या वाढीबद्दल, शिकण्या-बोलण्याबद्दल पण काळजी वाटावी असे अभ्यास आले. त्यावरून युरोपात २०२३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये नियम कडक केले, तिथं मायग्रेनसाठी ही गोळी गरोदरपणात द्यायचीच नाही आणि ती चालू असताना बाईने पक्कं गर्भनिरोधक वापरायचं असं आहे. अजून एक, ही गोळी गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करू शकते, त्यामुळे तू नुसत्या त्या गोळ्यांवर असशील तर हे डॉक्टरांना नक्की सांग. पण म्हणून आज रात्रीपासून स्वतःच्या मनाने बंद करू नकोस हं. ती हळूहळू डोस कमी करत सोडवतात, शिवाय अचानक सोडली तर डोकेदुखी उसळी मारते आणि मग बाई घाबरून जे हाताला लागेल ते घेते. ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांच्याकडेच जा आणि सरळ म्हण, मला चान्स घ्यायचाय, ही कशी सोडू आणि सोडल्यावर किती दिवस थांबू. हे वाचणाऱ्या कुणाला मायग्रेनसाठी व्हॅलप्रोएट किंवा डायव्हॅलप्रोएक्स चालू असेल तर तुम्ही त्याहून लवकर जा, कारण त्यात शंभरातल्या साधारण दहा बाळांना मोठं जन्मजात व्यंग आणि तीस-चाळीस बाळांना वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला मायग्रेनसाठी ही गोळी नकोच.

आता व्हॅसोग्रेन. पाकिटाच्या मागं बघ, एर्गोटामीन १ मिग्रॅ, कॅफीन १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल २५० मिग्रॅ आणि उलटीसाठी प्रोक्लोरपेराझीन. यातलं एर्गोटामीन रक्तवाहिन्या आवळतं आणि गर्भाशयाच्या कळा पण आणू शकतं, बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून गरोदरपणात ते पूर्ण बंद, अंगावर पाजताना पण बंद. मला या गोळीची सगळ्यात जास्त भीती वाटते कारण ती घराघरात आहे, पर्समध्ये आहे, मेडिकलवर "डोक्याची द्या" म्हटलं की मिळते आणि कुणी विचारत नाही की बाई तुम्हाला दिवस आहेत का. चान्स घ्यायला सुरुवात करायच्या आधी घरातली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली, माहेरी ठेवलेली सगळी पाकिटं काढून टाक, कारण रात्री दोन वाजता डोकं फुटायला लागलं की लेबल वाचायचं भान राहत नाही.

शेजारच्या काकू सांगतात ती सॅरिडॉन पण साधी नाही, त्यात पॅरासिटामॉल आणि कॅफीनसोबत प्रोपीफेनाझोन असतं. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळा असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सांगितलं, कारण बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच बंद व्हायचा धोका असतो. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, तीही डोक्यासाठी नको. पण मॅडमनी बीपी वाढू नये म्हणून कमी डोसची ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ते वेगळं, ती घाबरून बंद करायची नाही.

सासूबाईंचं "सगळं बंद" हे मायेपोटीच आहे, पण सहन करणं म्हणजे बाळाला सुरक्षित ठेवणं असं नाही. दोन दिवस उलट्या, पाणी टिकत नाही, पोटात अन्न नाही, झोप नाही, हे गरोदर बाईला आणि बाळाला दोघांनाही वाईटच. साधी पॅरासिटामॉल गरोदरपणात पहिली निवड आहे, ५०० किंवा ६५० ची, दुखणं सुरू होताच घ्यायची, डोकं पूर्ण चढल्यावर नाही, आणि दिवसात किती चालेल ते मॅडमकडून लिहून घ्यायचं. पॅरासिटामॉलने मुलांना ऑटिझम होतो म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं ना, त्यावर स्वीडनमध्ये जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ ला आला, सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा तसा संबंध दिसला नाही. गरजेपुरती, कमीत कमी, एवढं पाळायचं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा डॉक्सिलामीन देतात, त्याने पोट शांत झालं की गोळी टिकते पण. आणि एवढ्यानेही भागलं नाही तर मायग्रेनसाठीच्याच ट्रिप्टान गटातली सुमाट्रिप्टान आहे, त्या गटात गरोदर बायकांची सगळ्यात जास्त माहिती हिचीच आहे आणि व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही, डॉक्टर गरज बघून देतात. रोजची काही लागलीच तर प्रोप्रानोलॉल किंवा अमिट्रिप्टिलीन कमी डोसमध्ये विचारात घेतात, पण ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

आशेची गोष्ट पण सांगते. पहिले तीन महिने बऱ्याच जणींना जड जातात, पण चौथ्या महिन्यापासून निम्म्याहून जास्त बायकांचं मायग्रेन खूप कमी होतं, इस्ट्रोजेन हे हार्मोन एका पातळीवर टिकून राहतं म्हणून. मला दुसऱ्या वेळी मधले महिने अगदी हलके गेले. डोळ्यांपुढे चमक येणारं, म्हणजे ऑरावालं मायग्रेन असेल तर मात्र इतकं हमखास कमी होत नाही.

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मे मध्ये इथं ४२-४३ तर सहज होतं आणि नळाला पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवणं, बादल्या उचलणं हे सगळं बाईच्याच अंगावर, त्यात गुरुवारचा उपास, नवरात्राचे नऊ दिवस. उपाशीपोट, ऊन आणि कमी पाणी हे तिन्ही एकत्र आले की मायग्रेन आलंच समज. उपास यावेळी सोड, कुणी काही म्हटलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हण. चहा पूर्ण तोडायची गरज नाही, दिवसाला कॅफीन २०० मिग्रॅच्या आत ठेवायचं एवढंच. आणि गड्ड्याच्या यात्रेत तो पाळण्यांचा गोंगाट, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, एक वर्ष लांबूनच सिद्धेश्वराला हात जोडले तरी चालतंय.

आता हे नीट वाच, घरच्यांना पण वाचायला दे. गरोदरपणातली प्रत्येक डोकेदुखी मायग्रेन नसते. वीस आठवड्यांनंतर डोकं दुखतंय, नजर धूसर होतेय, तोंड-हात सुजलेत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, बीपी १४०/९० किंवा वर, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. मायग्रेनवाल्या बायकांना बीपीचा हा त्रास होण्याची शक्यता जरा जास्तच असते. तसंच एका क्षणात डोक्यात स्फोट झाल्यासारखं दुखलं, हातपाय लुळे पडले, फिट आली, किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतच गेली तर मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपली पद्धत आहे ना, त्याने हा धोका वाढतो, तिला भरपूर पाणी पाजा. सिझेरियनच्या भुलीनंतर बसलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं असं असेल तर ते वेगळंच, तेही सांगायचं.

बाळंतपणानंतर मायग्रेन बहुतेक परत येतं, झोपच नसते ना. पाजताना पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन चालतात, सुमाट्रिप्टान दुधात फार कमी उतरते. एर्गोटामीन आणि डोक्यासाठीची ॲस्पिरिन तेवढी नको.

फॉलिक ॲसिड आजच विचारून सुरू कर, ४०० मायक्रोग्रॅम तरी गर्भ राहायच्या आधी महिनाभर पाहिजे, टोपिरामेटमुळे जास्त लागेल का ते डॉक्टर ठरवतील. डोक्याच्या डॉक्टरांचा कागद बाळंतपणाच्या मॅडमना आणि मॅडमचा त्यांना, दोन्हीकडे एकच फाईल ने, कारण हे दोघं आपापसात बोलतीलच असं नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आणि टोपिरामेटवाल्या डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत घेऊन जा, मिस्टरांना पण, म्हणजे काय बंद करायचं आणि काय चालतं हे त्या स्वतःच्या कानाने ऐकतील. डोस किती मिग्रॅचा आहे ते तू लिहिलं नाहीस, जाण्याआधी तेही पाकिटावरून बघून घे.