रंगमंचावरून कॅमेऱ्यामागे

प्रश्न : दहा वर्षं प्रायोगिक नाटकांत काम करतोय. आता मोबाइलवर छोटी फिल्म करून ती नाटकातच पडद्यावर दाखवायची आहे. चाचणीत अभिनय भडक वाटला, आवाज घुमला, ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकलं. काय चुकतंय? – एक वाचक, परळ

उत्तर : लुकलुकण्याचं सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मॅन्युअल मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा; मग प्रत्येक चित्रात दिव्याचे पूर्ण दोन चढउतार येतात.

आवाजाला मात्र वेळ द्या. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा; शेवटच्या रांगेसाठी बोलायची सवय इथे नडते. पंखा, फ्रिज बंद. (घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही.) फ्रेमबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगा, घुमणं बरंच उतरेल. प्रत्येक जागेचा ३० सेकंद नुसता शांततेचा आवाजही घ्या. लांबच्या लोकलची धडधड मध्येच तुटली की संकलनातला सांधा उघडा पडतो; तिथे हा आवाज खाली भरता येतो.

क्लोजअपमध्ये भुवईसुद्धा मोठी दिसते, हातवारे आवराच. कप कोणत्या शब्दावर उचलला ते संहितेत लिहा, नाहीतर दोन टेक जुळत नाहीत.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) विचारा. तो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं. पडद्यामागे एवढी जागा छोट्या सभागृहांत क्वचितच मिळते आणि समोरून टाकलं तर नटांची सावली पडते. तिथे शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरातून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टरच घ्या.