भांडवल मिळाले म्हणजे संधी मिळाली का?

कल्पना आणि कष्टाची तयारी असेल तर सरकारी कर्ज योजनांच्या आधारे आज कोणीही उद्योग उभारू शकतो, मग संधी असमान आहे असे का म्हटले जाते, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरातील लहान उद्योजकांचे कर्जप्रस्ताव तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. सुरुवात करण्यातील विषमता काहीशी कमी झाली आहे. टिकण्यातील आणि वाढण्यातील विषमता मात्र फारशी हललेली नाही, असे माझे मत आहे.

२०१५ साली आलेल्या मुद्रा योजनेमुळे १० लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळू लागले, त्यामुळे यंत्र घेणे पुष्कळांच्या आवाक्यात आले. परंतु शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे काम मजुरीवर, करणाऱ्याची खरी परीक्षा यंत्र बसल्यावर सुरू होते. कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, यंत्रावर मशिनिंग करून माल पोचवला तरी बिल निघायला दोन-तीन महिने लागतात; कामगारांचा पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ता मात्र दरमहा द्यावाच लागतो. ज्याच्या घरी उसाचे बिल येते किंवा ज्याच्या वडिलांची उद्यमनगर या कोल्हापुरातील औद्योगिक वसाहतीत पत आहे, तो हातउसने घेऊन किंवा उधारीवर हा काळ काढतो. ज्याच्या मागे असे कोणी नाही, तो उत्तम कारागीर असूनही यंत्र विकून पुन्हा नोकरीला लागतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण ज्याचा सारा धंदा एकाच ग्राहकावर चालतो, त्याने त्याच ग्राहकाविरुद्ध तक्रार कशी करावी?

राजर्षी शाहू महाराजांना ही गोष्ट नेमकी कळली होती. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढण्यास मदत केली, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. भांडवलाबरोबर ग्राहकही मिळवून द्यावा लागतो, हे त्यांनी जाणले. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिलांसाठी ३ टक्के वाटा असावा, हे धोरण मला म्हणूनच कर्जमेळाव्यांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. खासगी कारखान्यांत मात्र पहिली ऑर्डर आजही बहुधा ओळखीनेच मिळते.

आपण स्वतः उद्योग काढणार असाल, तर यंत्राच्या कर्जाबरोबरच खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी लागणाऱ्या कर्जाची, मर्यादाही मंजूर करून घ्यावी, आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे पहिल्याच ऑर्डरवर लिहून घ्यावे.