साडेतीन वर्षांची मुलगी दूध अजिबात पीत नाही. कॅल्शियम कसं मिळेल?

आधी तिच्या मागे पेला घेऊन धावणं थांबवा. दूध म्हणजे जेवण नव्हे, हे मी फार उशिरा ठामपणे बोलले.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना दिवसाला लिटरभर दूध प्यायचा, रात्रीही बाटली तोंडात. वरणभात दिसला की तोंड फिरवायचा. मी बोलले की सासूबाई म्हणायच्या, "दूध पितोय ना, मग कसली काळजी?" एकदा पाहिलं तर पलंगामागे बसून नखानं भिंतीचे पोपडे काढून खात होता. ओठांना चुना, नखात चुना. घरात निकाल लागला, "कॅल्शियम कमी पडतंय, म्हणून चुना खातो. दूध वाढव." मी वाढवलंही. त्याचा राग मला आजही स्वतःवर आहे.

डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ७.८! लोह कमी होतं, कॅल्शियम नव्हे. दुधात लोह नावापुरतं, आणि पोट तर दुधानंच भरलेलं. बाटली बंद, दूध दोन कप, लोहाचं औषध सुरू. दोनेक महिन्यांत भिंत सुटली, पोळी मागायला लागला.

तुमच्या मुलीला दिवसाला साधारण ५०० ते ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. वाटीभर दह्यात दीडशेच्या आसपास मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे, म्हणजे छोट्या भाकरीत शंभरेक. पण सत्व करताना फडक्यातून गाळून चोथा टाकू नका, कॅल्शियम बरंचसं त्या सालातच असतं. मोड आणून, वाळवून, अख्खी दळा. तीळ न सोललेले घ्या, भाजून कूट करा आणि भाजीत, चटणीत घाला. शेवग्याचा पाला थालीपिठात खपतो. मासे खात असाल तर जवळा. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. आणि उन्हात खेळू द्या, ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही.

घरात कोणी "दूध पीत नाही, हाडं ठिसूळ होणार" म्हणालं तर दह्याची वाटी पुढे करा. विरजण लावायच्या आधी ते दूधच होतं.

हो, दही, ताक, पनीर यातलं काहीच चालत नसेल, किंवा पाय वाकलेले वाटत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅल्शियमचं सिरप मनानं सुरू करू नका.